फ्रिजच्या दारातली बाटली

दादाच्या घरी गेलं की मी आधी फ्रिज उघडते. विरजण नीट लागलंय का, कालची भाजी किती उरलीय, हे बघायची माझी माहेरची सवय. त्या रविवारी दारातल्या कप्प्यात, लिंबांच्या मागे, बोटाच्या दोन पेरांएवढी काचेची बाटली दिसली. ड्रॉपरचं टोपण, लेबलावर रशियन अक्षरं. रशियन मला येत नाही, पण टक्केवारीचा आकडा कुठल्याही लिपीत कळतो. ०.१ टक्के.

"हे कुणाचं रे?"

"माझं, आत्या. सेमॅक्स. नाकात घालायचे थेंब आहेत." भाच्याने पुस्तकातून मान वर काढली नाही. "सकाळी घातले की दुपारपर्यंत डोकं चालतं."

भाचा सहा वर्षं कझानला होता. तिथून डॉक्टर होऊन आला, पण इथे रुग्णाला हात लावायचा तर परदेशातल्या पदवीधरांची परीक्षा पार करावी लागते. ३०० प्रश्न, त्यातले १५० बरोबर यायलाच हवेत, वर्षातून दोन संधी, आणि दर खेपेला बसणाऱ्यांतली बहुतेक मुलं मागे राहतात. त्याची दोनदा हुकली. दुसऱ्यांदा नऊ गुणांनी. त्यातच चार महिन्यांपूर्वी दादाला झटका आला आणि त्याचा उजवा हात गेला, बोलणं गेलं. दिवसा बापाला उठवून बसवायचं, भरवायचं, आणि रात्री बायोकेमिस्ट्री उघडायची, असं या मुलाचं चाललंय.

मी तीस वर्षं मेडिकलच्या मुलांना औषधशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तरी ओळखीपाळखीतून फोन येतातच, आणि हल्ली त्यांत एक प्रश्न हमखास असतो: स्मरणशक्तीसाठी पेप्टाइड घ्यावं का? विचारणारे शिकलेले असतात आणि धास्तावलेले असतात. आता तो प्रश्न घरातच, लिंबांच्या मागे येऊन बसला होता. त्या संध्याकाळी आम्ही दोन तास बोललो. तो काही अडाणीपणाने बोलत नव्हता, म्हणून त्याची बाजूही जशी त्याने मांडली तशीच देते.

"तू नाही म्हणणार, मला माहीत होतं," तो म्हणाला. "पण हे कुणी भोंदूने बनवलेलं नाही. रशियाच्या विज्ञान अकादमीची रेणवीय आनुवंशिकीची संस्था आणि मॉस्को विद्यापीठ, दोघांनी मिळून १९८०च्या दशकात तयार केलंय. २०११ पासून तिथल्या सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. कझानच्या कुठल्याही अप्तेकात, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळतं. आमच्या वॉर्डात झटक्याच्या पेशंटना देताना मी स्वतः पाहिलंय."

"नाही म्हणायच्या आधी मी त्याचं कौतुक करते, ते ऐक. रेणू फार सुरेख बांधलाय."

आणि खरंच सुरेख आहे. आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ती एसीटीएच नावाचं संप्रेरक सोडते, ३९ अमिनो आम्लांची माळ. ही माळ मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल सोडायला लावते. सेमॅक्स बनवणाऱ्यांनी त्या माळेतले चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे चारच मणी घेतले. एवढ्या तुकड्याने कॉर्टिसॉल वाढत नाही. पण उघडा तुकडा रक्तात गेला की एन्झाइम त्याचे काही मिनिटांत तुकडे पाडतात. म्हणून मागे प्रोलिन, ग्लायसिन, प्रोलिन अशी तीन मण्यांची शेपटी जोडली, जी एन्झाइमांना सहज तोडता येत नाही. सात मण्यांची माळ झाली. गिळली तर पोटात तिची गत वरणातल्या प्रथिनासारखीच होणार, सगळे मणी सुटे. म्हणून नाकातून.

"मग?" तो म्हणाला. "एवढं सगळं पटतंय तुला, तर अडतंय कुठे?"

"बांधणी पटली म्हणजे गुण पटला असं नाही ना. याच माळेची पहिली गोष्ट तुला माहीत आहे? रशियाच्या आधीची?"

ती त्याला माहीत नव्हती, आणि पेप्टाइड विकणारे कुणी ती सांगतही नाहीत. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठात डेव्हिड डी वीड नावाचे औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. पीयूषिका काढून टाकलेले उंदीर विजेचा झटका चुकवायला नीट शिकत नाहीत, हे त्यांनी १९६०च्या दशकात दाखवलं. मग एसीटीएचचे छोटे तुकडे टोचले, अधिवृक्कावर काहीही परिणाम न करणारे, तर उंदीर पुन्हा शिकू लागले. संप्रेरकाचा तुकडा थेट वागण्यावर काम करतो, ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती! मी विद्यार्थिनी असताना आमचे सर हे सांगताना खडू खाली ठेवून बोलायचे. पुढे ऑर्गनॉन कंपनीने त्याच तुकड्यावरून ओआरजी २७६६ नावाचं औषध बनवलं, उंदरांना दिलेल्या मूळ तुकड्याहून कितीतरी जोरकस. अल्झायमरच्या रुग्णांवर, वयस्कर माणसांवर ते वापरून पाहिलं. माणसांची स्मृती सुधारली नाही. डी वीड यांचं दुसरं आवडतं पेप्टाइड व्हॅसोप्रेसिन, त्याचंही माणसांत तेच झालं. सुरुवातीच्या चार-दोन चाचण्यांत आशा दिसली आणि नंतर ती हाताला लागेना.

"म्हणजे सेमॅक्सच्या आजोबांवर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच हा खटला चालून गेलाय," मी म्हणाले.

"आजोबा नापास झाले म्हणून नातू नापास कसा? शेपटी वेगळी आहे. आणि नातवावरचं काम आहे की. एका डोसाने उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बीडीएनएफ १.४ पट झालं, २००६ सालचा पेपर आहे. माणसांवर १९९०च्या दशकात ईईजीचा अभ्यास झाला. २०१८ साली निरोगी लोकांना थेंब घालून एमआरआयमध्ये मेंदू पाहिला, मेंदूच्या विश्रांतीच्या जाळ्यात फरक दिसला."

"किती लोक होते रे त्या एमआरआयमध्ये?"

"चोवीस."

"आणि एमआरआयच्या नंतर कुणाला काय जास्त आठवलं?"

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "प्रश्नच तो नव्हता त्या अभ्यासाचा."

"तेच म्हणतेय मी. तुझा प्रश्न तो आहे. निरोगी, पंचविशीतला, झोप कमी झालेला मुलगा. त्याला महिनाभर थेंब दिले आणि तशाच दुसऱ्या मुलाला नुसतं मिठाचं पाणी दिलं, कुणाला काय दिलंय ते दोघांनाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. अशी काहीशे मुलं, आणि शेवटी एक परीक्षा. हा अभ्यास दाखव, मी उद्या कझानला ऑर्डर देते."

बीडीएनएफबद्दल मी त्याला जरा सविस्तर सांगितलं, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मज्जापेशींच्या वाढीला पोषक असं ते प्रथिन आहे. ते वाढलं म्हणजे स्मृती वाढली, असं मनाला पटतं. पण आत काहीतरी हललं आणि माणूस मात्र होता तिथेच राहिला, असं वैद्यकात पुन्हा पुन्हा झालंय. ताजं उदाहरण सेमाग्लुटाइडचं. वजन आणि मधुमेहासाठी जिचा एवढा बोलबाला आहे ती सेमाग्लुटाइडही पेप्टाइडच. अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या ३८०८ लोकांना दोन वर्षं तिच्या गोळ्या किंवा कोऱ्या गोळ्या दिल्या. नोव्हेंबर २०२५मध्ये निकाल आला. आजाराच्या जैविक खुणा सुधारल्या होत्या. आजार मात्र दोन्ही गटांत सारख्याच वेगाने वाढला. साडेतीन हजारांहून जास्त माणसं, दोन वर्षं, जगातल्या बलाढ्य कंपनीचा पैसा. एवढं करून उत्तर 'नाही' आलं. उंदरांतले १.४ पट त्यापुढे कुठे ठेवायचे?

"आता माझं ऐक," भाचा म्हणाला, आणि त्याने पुस्तक मिटलं. "तू म्हणतेस तसा अभ्यास कधीच होणार नाही. या रेणूवर कुणाचं पेटंट राहिलेलं नाही, मग कोट्यवधी डॉलर कोण घालणार? रशियन भाषेतलं संशोधन तिकडे कुणी वाचत नाही, आणि वाचलं तरी आधीच ठरवलेलं असतं की हलकं असणार. म्हणजे पुरावा नाही याचा अर्थ गुण नाही असा होत नाही. कुणी शोधलंच नाही, एवढाच होतो. आणि तोवर माझ्यासारख्याने काय करायचं? माझी परीक्षा आठ आठवड्यांवर आहे."

यात खरं आहे, आणि मी ते त्याच्यापुढे कबूल केलं. पेटंट संपलेल्या औषधांना वाली नसतो. भाषेची भिंतही खरी आहे. मी रशियन पेपर सारांशातूनच वाचते, तो मुळातून वाचतो. त्याने फोनवर बाटलीसोबतचं माहितीपत्रक काढून मला वाचून दाखवलं. त्यात झटका आहे, डोळ्याच्या नसेचे आजार आहेत, आणि निरोगी माणसांचा मानसिक थकवासुद्धा आहे.

"हे सरकारने मान्य केलेलं आहे, आत्या."

"काय वापरायला परवानगी आहे ते पत्रक सांगतं. किती जणांना दिलं, किती जणांना मुद्दाम दिलं नाही, हे पत्रकात नसतं. आणि शोधलंच नाही, हे तुझं बरोबर. पण मग दुकानदारानेही तेवढंच म्हणावं. 'कुणी शोधलेलं नाही' असं लेबल लावून विकावं. पुरावा नाही म्हणून मी नाही म्हणायचं नाही, आणि त्याच्याकडे पुरावा नाही तरी त्याने हो म्हणायचं, असं कसं?"

मग त्याने तेच म्हटलं जे सगळे म्हणतात. "पण मला फरक जाणवतो."

मी त्याला खोटं पाडलं नाही. जाणवत असणारच. मी फक्त विचारलं की थेंब कधी सुरू केले. गणपतीनंतर, त्याच आठवड्यात वेळापत्रक भिंतीवर लावलं. रात्रीची काम करणारी बाई त्याच आठवड्यात आली आणि त्याला सलग सहा तास झोप मिळू लागली. दोन वाजताचा चहा त्याच सुमाराला सुटला. चार गोष्टी एकदम बदलल्या, आणि श्रेय मिळालं ते बाटलीला, कारण बाटली हातात धरता येते. झोप हातात धरता येत नाही.

मला वाटलं, तो आता चिडेल. त्याऐवजी त्याने आवाज खाली आणला, कारण पलीकडच्या खोलीत दादा जागा होता.

"मग बाबांना का दिलंस?"

हे मला लागलं. लागायलाच हवं होतं.

दादा आयसीयूत असताना दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण डॉक्टर बाहेर आला. नम्र, रात्रभर न झोपलेला. म्हणाला, "मॅडम, सेरेब्रोलायसिन देऊया का? एकवीस दिवस." मला ते औषध पाठ आहे. डुकराच्या मेंदूतली प्रथिनं एन्झाइमांनी तोडून काढलेलं द्रव, चतुर्थांश छोटी पेप्टाइडं आणि बाकी सुटी अमिनो आम्लं. ऑस्ट्रियात बनतं, आपल्याकडे झटक्यानंतर आणि डोक्याला मार लागल्यावर सर्रास देतात. अमेरिकेत त्याला मान्यता नाही. त्याच्यावर काय पुरावा आहे हे मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवलं होतं. आणि मी मान हलवली. त्या दारात उभं राहून, आत दादा नुसता छताकडे बघत पडलेला असताना, 'नको' म्हणणं म्हणजे त्याच्यासाठी काहीतरी करायचं नाकारणं वाटलं. एकवीस दिवस मी स्वतः खालच्या दुकानातून त्या तपकिरी कुप्या आणत होते. हातात पिशवी असली की बरं वाटायचं.

"मला माहीत असूनही मी दिलं," मी भाच्याला म्हणाले. "म्हणून तुला मी वेड्यात काढत नाहीये."

"पण लागू पडलं ना! ही बघ." तो उठून वही घेऊन आला.

ही वही म्हणजे या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू आहे. स्पीच थेरपिस्टने सहाव्या दिवशी वीस चित्रांची कार्डं दिली: केळं, कात्री, गाय, चष्मा, कुलूप, बादली. रोज संध्याकाळी सात वाजता एकेक कार्ड वर धरायचं आणि दादाने नाव सांगायचं. भाच्याने पहिल्या दिवसापासून प्रत्येक दिवसाची ओळ आखली आहे. बरोबर तर टिंब, चूक तर फुली. शेवटच्या रकान्यात बेरीज.

"सहावा दिवस, वीसपैकी तीन. इंजेक्शन संपलं त्या दिवशी, वीसपैकी आठ. तीनाचे आठ, आत्या!"

"पुढे वाच."

"सहावा आठवडा, अकरा. दहावा आठवडा, चौदा. काल सोळा."

"इंजेक्शन कधी थांबलं?"

"तिसऱ्या आठवड्यात." तो थांबला. "म्हणजे परिणाम टिकला, वाढत गेला."

"असेल. किंवा इंजेक्शन नसतं तरी रेघ अशीच चढली असती. झटक्यानंतर पहिले तीन महिने मेंदू आपला आपण सावरत असतो, आणि त्यात तू रोज कार्डं धरत होतास. ही वही दोन्ही गोष्टींना सारखीच साक्ष देते. इंजेक्शन न दिलेला दुसरा दादा आपल्याकडे नाही."

तो दुसरा दादा जिथे होता, त्या अभ्यासाची गोष्ट मी त्याला सांगितली. आशियातल्या देशांमध्ये झटका आल्यापासून बारा तासांच्या आत आलेल्या १०७० रुग्णांवर तो झाला, निकाल २०१२ साली छापून आला. निम्म्यांना रोज ३० मिली सेरेब्रोलायसिन, निम्म्यांना नुसतं सलाईन, दहा दिवस. नव्वदाव्या दिवशी दोन्ही गट सुधारले होते. आणि दोन्ही गटांत फरक नव्हता. सलाईनवाल्यांच्या घरीही कुणी मुलगा वही घेऊन बसला असेल, आणि त्याच्या वहीतही तीनाचे आठ झाले असतील.

"पण २०१६चा अभ्यास आहे," भाचा लगेच म्हणाला. तो वाचून आला होता, मला बरं वाटलं. "२०८ रुग्ण, एकवीस दिवस. हाताची हालचाल औषधाच्या गटात स्पष्ट जास्त सुधारली. बाबांना एकवीस दिवस दिलं ते त्यावरूनच असणार."

"हो. नीट केलेला अभ्यास आहे तो. पैसा कंपनीचा होता, तेवढ्याने तो खोटा ठरत नाही. पण २०२० साली चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने सात चाचण्या एकत्र केल्या, १६०१ रुग्ण. मृत्यू टळण्यात फायदा दिसला नाही, आणि जिवावर न बेतलेले पण गंभीर असे दुष्परिणाम औषधाच्या गटात जास्त दिसले. डिमेन्शियासाठी वेगळा आढावा आहे, तिथे थोडा फायदा दिसतो, पण अभ्यास इतके कच्चे आहेत की त्यावर भार टाकता येत नाही."

"मग पुन्हा तशी वेळ आली तर?"

"विचारेन, 'डॉक्टर, त्याच पैशांत स्पीच थेरपी रोज करता येईल का?'"

हे मी आता म्हणू शकते. तेव्हा सुचलं नव्हतं.

पुढचा अर्धा तास आमचं बोलणं आणखी एका बाटलीवर गेलं. ती घरात नव्हती, त्याच्या मित्राच्या खोलीवर होती. भाच्याने फोटो दाखवला: रबरी बूच, ॲल्युमिनियमचं झाकण, तळाशी साबणाचा फेस वाळून चिकटावा तशी पांढरी पूड. नाव डायहेक्सा. लेबलावर लिहिलं होतं, फक्त संशोधनासाठी, माणसांनी वापरू नये. मित्राने ती परदेशातून मागवली होती आणि इन्सुलिनच्या सिरिंजने पोटावर टोचून घेणार होता. त्याचं म्हणणं, हे बीडीएनएफपेक्षा एक कोटी पट ताकदवान आहे.

तो आकडा हवेतला नाही. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात अँजिओटेन्सिन नावाच्या रक्तदाबाच्या पेप्टाइडवरून हा रेणू तयार झाला, आणि प्रयोगशाळेतल्या एका चाचणीत नव्या जोडण्या तयार करण्यात तो त्या पटीत भारी ठरल्याचं तिथल्या संशोधकांनी म्हटलं. उंदरांतही चांगले निकाल आले. त्यातून अथिरा नावाची कंपनी उभी राहिली, २०२० साली शेअर बाजारात आली. २०२१मध्ये कंपनीच्याच चौकशीत निघालं की मुख्याधिकारीपदावरच्या संशोधिकेने आपल्या पीएचडीच्या प्रबंधात आणि शोधनिबंधांत चित्रं बदलली होती. त्यांनी पद सोडलं. त्याच घराण्यातलं औषध घेऊन कंपनीने अल्झायमरच्या रुग्णांवर चाचण्या केल्या. २०२२मधली फसली, २०२४मधली मोठी चाचणीही फसली. २०२५च्या जानेवारीत सरकारी संशोधन-निधीच्या आरोपांवर कंपनीने सुमारे ४० लाख डॉलर भरून तडजोड केली.

"एक कोटी पट कशात, हे मित्राला विचार," मी म्हणाले. "काचेच्या बशीत. माणसात पोचेपर्यंत त्या एक कोटींतलं काहीही उरलं नाही. आणि हा रेणू ज्या वाढीच्या वाटेला चालना देतो म्हणतात, ती वाट कर्करोगाच्या पेशीही वापरतात. तू डॉक्टर आहेस, तू तरी हे त्याला सांगायला हवंस."

"सेमॅक्सपेक्षा हे जास्त वाईट वाटतं तुला?"

"कितीतरी. तुझी बाटली औषधाच्या कारखान्यातून, दुकानातून आलीय. तिच्या आत लेबलावर लिहिलंय तेच असणार. त्या पुडीत काय आहे ते कोण सांगणार? शुद्धतेचा कागद सोबत येतो, तो पेप्टाइड किती टक्के ते सांगतो. जिवाणूंच्या भिंतींचे तुकडे राहिलेत का, हे त्यावर बहुतेक वेळा नसतंच. पूड उकळून ते जात नाहीत, गाळून जात नाहीत. टोचले की थंडी वाजून ताप. २०२३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशी कितीतरी पेप्टाइडं सुरक्षिततेच्या शंकेपोटी वेगळी काढली, दुकानात मिसळून देऊ नयेत म्हणून. तुझं सेमॅक्सही होतं त्यांत. मित्राला फोन कर. आज."

त्याने लगेच, माझ्यासमोरच फोन लावला. तो काय बोलला ते इथे लिहीत नाही, पण नीट बोलला.

फोन ठेवून तो म्हणाला, "म्हणजे चांगलं काहीच नाही? एकही पेप्टाइड नाही?"

मला वाटतं, हा प्रश्न त्याने वादासाठी विचारला नव्हता. मी त्याला नाकातून द्यायच्या इन्सुलिनची गोष्ट सांगितली. मला या सगळ्यांत तीच सर्वांत प्रामाणिक वाटते. इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांचं आपलं घरोघरचं पेप्टाइड. अमेरिकेत सुझन क्राफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृती ढासळू लागलेल्या १०४ जणांना चार महिने ते नाकातून दिलं. २०१२ साली निकाल आला: कमी डोस घेतलेल्यांना ऐकलेली गोष्ट जरा वेळाने जास्त आठवत होती. किती जणांना तेव्हा आशा वाटली! मलाही. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. २८९ जणांवर वर्षभराची चाचणी उभी केली. मध्येच फवाऱ्याचं यंत्र बेभरवशाचं निघालं, ते बदललं. नव्या यंत्राच्या २४० जणांत इन्सुलिन आणि कोरा फवारा यांत फरक आढळला नाही. २०२० साली त्यांनी तो निकाल जसाच्या तसा छापला.

"आणि जुन्या यंत्राचे ४९?"

"त्यांच्यात काही मोजमापं बरी दिसली."

"मग!"

"मग ४९. पुन्हा छोटा गट. पुन्हा मोठी चाचणी करायला हवी. त्यातून काय निघेल, मला माहीत नाही, आणि तुलाही नाही. डी वीडपासून आजपर्यंत ज्याची ज्याची मोठी चाचणी झाली, त्यात छोट्या गटातलं यश टिकलेलं मी तरी पाहिलेलं नाही. टिकावं अशी माझी फार इच्छा आहे. आता तर जास्तच."

आतून दादाने पलंगाच्या कडेवर बोटं वाजवली. सात वाजत आले होते.

भाचा वही चाळत होता. म्हणाला, "मग माझ्यावरच कर प्रयोग. दोन बाटल्या. एकीत थेंब, एकीत सलाईन. तू भर, मला सांगू नकोस."

मनात मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण तीन मिलीची बाटली निम्मी संपलेली, त्यात फेरे किती होणार? आणि निकाल लागला तरी तो त्याच्यापुरताच. मी म्हणाले, "आधी आठ दिवस नुसतं लिही. किती झोपलास, थेंब घातले की नाही, पुस्तक बंद करून पन्नास प्रश्नांपैकी किती आले. वाचत बसू नकोस, स्वतःला विचार. अमेरिकेत २००६ साली मुलांवर हा प्रयोग झालाय. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने ४० टक्के आठवला, मिटून आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के."

"मी बाबांपुढे कार्डं धरतो, तसंच."

"तसंच. तुझ्या बापाला तू जे करतोस, ते स्वतःला करत नाहीस."

त्याने वहीची शेवटची पानं उघडली आणि रकाने आखले. बाटली उचलून फ्रिजमध्ये ठेवली, फेकली नाही. मीही फेक म्हटलं नाही.

मग आम्ही दादाजवळ गेलो. दिवा लावला, उशीला टेकवून त्याला बसवलं. केळं आलं, कात्री आली. गाय म्हणताना तो हसला. चष्मा दोन प्रयत्नांत आला. मग भाच्याने कुलपाचं चित्र वर धरलं. दादाने बराच वेळ पाहिलं. ओठ दोनदा जुळले, सुटले.

"किल्ली," दादा म्हणाला.

भाच्याचं पेन वहीवर थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"अर्धा धरायचा?"

"पहिल्या दिवशी काय ठरलं होतं?"

"नेमका शब्द."

मी काही बोलले नाही. त्याने बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने फुली मारली. दादा वहीकडे वाकला, त्या फुलीवर त्याने डाव्या हाताचं बोट टेकवलं. "कु," तो म्हणाला. "कु... कुलूप."

"हो, बाबा. कुलूप. बरोबर."

फुली त्याने तशीच ठेवली, आणि पुढचं कार्ड वर धरलं. बादली.